जू, खीळ आणि पिन : नांदेड-लातूरकडील गाडीसामानाच्या राखणीचा इतिहास

मागून ओढल्या जाणाऱ्या गाडीला धनी ओळखता येत नाही. ती बैलगाडी असो की ट्रॅक्टरची ट्रॉली, जो जोडेल त्याच्यामागे निघते. मोटारीला किल्ली असते. बैलाला हात कळतो, अनोळखी माणूस जवळ आला की तो फुरफुरतो, मान झटकतो. गाडीजवळ यातले काहीच नाही. म्हणून तिची राखण फार पूर्वीपासून एकाच ठिकाणी केली जाते. ज्यावाचून गाडी ओढता येत नाही असा सांधा सोडवायचा आणि त्यातला एक तुकडा घरात न्यायचा. लाकडी जू, लोखंडी खीळ आणि पोलादी पिन हे या तुकड्याचे तीन अवतार आहेत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळाले, कारण इथे ट्रॅक्टर उशिरा आला आणि बैलगाडी अजून पुरती गेलेली नाही.

जुन्या गाडीत चोराच्या दृष्टीने मोलाचे काय होते, हे तिच्या बांधणीवरून समजते. बाभळीच्या लाकडाचे आरे, पुठ्ठे आणि तुंबा मिळून चाक होई आणि त्यावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवी. धाव लालबुंद असताना चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे ती आकसून लाकडाला घट्ट आवळते. दोन चाकांमधून आख जातो. त्याच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून, बोटाएवढी खीळ असते. पुढे दांडी आणि दांडीवर आडवे बांधलेले जू. जुवाच्या दोन्ही अंगांना शिवळा, शिवळांना बांधलेल्या जुपण्या आणि बैलाच्या नाकातल्या वेसणीला कासरा. सबंध गाडीचे वजन बैलांनाच पेलणारे, तेव्हा ती रातोरात खांद्यावरून नेणे कोणाला शक्य नव्हते. चोरीला जाई ते सुटे सामान. दोर, चामड्याच्या वाद्या, लोखंडी खिळी, वंगणाचा नळा, क्वचित चाक आणि लोखंडी आख.

यामुळेच संध्याकाळी गाडी सोडल्यावर बैल गोठ्यात जात आणि त्यांच्यामागोमाग जूही आत जाई. दांडीला टेकू देऊन गाडी अंगणात उभी राही. जुपण्या, कासरे, घुंगरमाळा गोठ्यातल्या खुंटीवर टांगल्या जात. मोटेचे सामानही याच रीतीने सांभाळले जाई, कारण मोट हेही बैलांनी ओढायचे साधन होते. चामड्याची मोट, जाड नाडा आणि सोल विहिरीवर सोडून येणारा शेतकरी निष्काळजी समजला जाई. चामडे महाग होते आणि ओल्या चामड्याला कोल्ह्याकुत्र्यांचेही भय असे. जू घरात नेण्यामागे श्रद्धेचा भागही होता. जुवाला पाय लावत नाहीत, ते ओलांडत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात, ते खांदे वर्षभर ज्याने घासले ते हेच जू. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारे धुऊन पुसून एका जागी मांडली जात. पूजेचा हा दिवस वर्षातल्या मोजदादीचाही होता. कोणती खीळ हरवली, कोणता कासरा शेजाऱ्याकडे राहिला, हे त्या दिवशी उघड होई.

गावाबाहेरच्या वाटेवर मात्र घर नसे, त्यामुळे राखणीची रीतही वेगळी होती. नांदेड हे गोदावरीकाठचे, औरंगाबादहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे. सतराव्या शतकात हिरेव्यापारी झां-बातिस्त तावेर्निये या भागातून गेला आणि सुरत ते गोवळकोंडा या त्याच्या मार्गवर्णनात नांदेडचे नाव येते. १६७६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हिंदुस्थानातल्या मालवाहतुकीचे बारकाईने टिपलेले चित्र आहे. मोठ्या गाड्या शंभर-दोनशेच्या काफिल्याने निघत, एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई चालत. त्यांचा पगार मालधन्याने द्यायचा. गाडीवरून टाकलेल्या दोरांची टोके हे शिपाई दोन्ही बाजूंनी धरून चालत, म्हणजे वाईट रस्त्यावर गाडी कलली तर विरुद्ध बाजूच्यांनी ओढून ती सावरायची. एकाच दोराने गाडी सावरली जाई आणि धरलीही जाई. दोर चार माणसांच्या हातात असताना काफिल्यातून एक गाडी मागच्या मागे फुटणे अवघड होते.

त्याच काळात धान्य आणि मीठ वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे या वाटांवर होते. त्यांच्याकडे चाके नव्हती, माल बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत असे. तावेर्नियेने एकेका तांड्यात दहा-बारा हजारांपर्यंत बैल असल्याचे लिहिले आहे. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांची भिंत रचायची, जनावरे आत घ्यायची आणि भोवती कुत्री सोडायची, ही त्यांची पद्धत युरोपीय निरीक्षकांनी वारंवार नोंदवली आहे. घर, दुकान आणि वाहन एकाच ठिकाणी असणाऱ्या लोकांनी आपला मालच तटबंदीसारखा वापरला, ही युक्ती आजही थक्क करते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट, माहूर, मुखेड, कंधार या भागांत आणि लातूर जिल्ह्यातल्या जळकोट, अहमदपूरकडे आज जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा होता. रेल्वेने तो मोडला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या अनेक भटक्या समाजांवर जन्मानेच चोर असल्याचा शिक्का मारला. ज्यांनी शतकानुशतके दुसऱ्यांचे धान्य सुखरूप पोचवले, त्यांच्याच नातवंडांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय मात्र बरीच वर्षे टिकला. या भागातल्या चोरी-राखणीचा कोणताही इतिहास हा अन्याय वगळून लिहिता येणार नाही.

गावातली राखण बलुत्यावर चाले. गावाला वेस असे आणि वेशीवर येसकर. रात्री कोण आत आले, कोण बाहेर गेले, कोणाकडे पाहुणा उतरला, याची खबर त्याला असावी लागे. दख्खनेत या कामाचा भार मुख्यतः महार आणि मांग समाजांवर होता, काही भागांत रामोश्यांवर. हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि तिथे गावराखणीच्या नोकरांना सेतसिंधी म्हणत. चोरी झाली की माग काढणे हे त्यांचे सर्वांत कठीण काम. पायाचे ठसे, बैलांच्या खुरांचे ठसे आणि चाकांची चाकोरी पाहत ते गावाच्या शिवेपर्यंत जात. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर. त्याने माग पुढे काढून दाखवायचा, नाहीतर भरपाई सोसायची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखावर लिहिलेल्या अहवालात या रिवाजाचे वर्णन केले आहे. दख्खनच्या बाकी भागांतही तो रूढ होता. गाडीच्या बाबतीत तो विशेष उपयोगी पडे, कारण गाडी माग लपवू शकत नाही. काळ्या जमिनीत एकदा चाक रुतले की ती चाकोरी पुढचा पाऊस पडेपर्यंत मिटत नाही. धाव कुठे तुटली आहे, चाक कोणत्या बाजूला लंगडते, हे ठशावरून जाणकाराला सांगता येई.

ही व्यवस्था परिणामकारक होती, पण न्याय्य नव्हती. रात्रभर जागणाऱ्या माणसाला गावात बसायला जागा नव्हती. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. माग लागला नाही तर संशय पहिल्यांदा त्याच्यावरच जाई. जुनी राखण चांगली होती असे आज कोणी म्हणत असेल तर ती कोणाच्या झोपेवर उभी होती, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

मराठवाड्याच्या काळ्या मातीने गाडीचे वेळापत्रक ठरवून टाकले होते. पावसाळ्यात गाडीवाटा चिखलाने बंद होत. जून ते ऑक्टोबर गाडी हलत नसे. काही घरी चाके काढून आडोशाला ठेवत, आख तेल लावून माळवदाखाली. दिवाळीनंतर वाट वाळली की गाड्या बाहेर पडत, आणि चोरीचा हंगामही तेव्हाच सुरू होई. कापूस, ज्वारी, तूर, करडई गाड्यांत भरून बाजाराकडे निघायची ती याच महिन्यांत.

लातूरची पेठ या गाड्यांवर वाढली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली तिचे अडीच फुटी रूळ लातूरला पोचले. निजामाच्या मुलखातला माल मुंबईकडे जाण्यासाठी सर्वांत जवळचे टोक म्हणून औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरकडच्या गाड्या लातूरकडे वळल्या. १९१७ साली उभ्या राहिलेल्या गंजगोलाई या पेठेच्या चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचे मंदिर आहे. सोळा दिशांनी येणाऱ्या गाड्या एका वर्तुळात घेण्याची ही रचना आहे. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची आगगाडी १९०० च्या सुमारास आली. तिथे सरकी काढण्याचे कारखाने, पुढे उस्मानशाही मिल, आणि त्यांच्या दारांत कापसाच्या गाड्यांची रांग.

बाजाराच्या गावात गाडीवानाला एक-दोन रात्री काढाव्या लागत. माल उतरेपर्यंत गाडी सोडता येत नसे आणि पैसे हाती आल्यावर तर झोपही येत नसे. त्याची रात्र अशी असे. बैल चाकांना बांधलेले, म्हणजे गाडी कोणी ढकलली तर बैल उठतील आणि बैल कोणी सोडला तर चाक कुरकुरेल. जू दांडीवरून सोडून गाडीखाली, त्यावर घोंगडी आणि घोंगडीवर तो स्वतः. कासऱ्याचे टोक मनगटाला. उशाला वंगणाचा नळा, त्यातच सुटी खीळ खोचलेली. एका गावचे पाच-सहा गाडीवान असले तर गाड्या एकमेकींना लागून उभ्या करत आणि आळीपाळीने जागत. गाडीला कुलूप लावण्याची सोय नसताना माणसाने स्वतःच्या अंगाचेच कुलूप केले होते.

वर्षातून एक दिवस मात्र या भागातली गावेच्या गावे राखणीवाचून मोकळी पडतात. तो दिवस मार्गशीर्ष अमावास्येचा. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत तिला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. या शब्दाचा उगम शेजारच्या कानडीतला मानतात. सकाळी भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी टोपल्यांत भरून घरची सगळी माणसे गाडीत बसतात आणि रानात जातात. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते. दुपारी लातूर शहराचेही रस्ते ओस पडतात. जुन्या काळी गाडी आणि बैल रानात सोबतच असत, तेव्हा त्यांची काळजी नव्हती, काळजी होती ती रिकाम्या घराची. आज चित्र उलटे झाले आहे. माणसे मोटारसायकल आणि चारचाकीने रानात जातात आणि ट्रॉली गावातल्या मोकळ्या जागेत उभी राहते.

येळवशीच्या आदल्या दिवसापासून लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे आणि बैल यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. लाल कंधारी आणि देवणी या इथल्या दोन्ही जातिवंत गोवंशांची नावे याच भागातल्या कंधार आणि देवणी या गावांवरून पडली आहेत. उदगीर भागातला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारही असाच नावाजलेला. या बाजारांनी मालकी सिद्ध करण्याची एक पद्धत पक्की केली. सौदा रुमालाखाली बोटांनी ठरतो, पण जनावर हलते ते दाखला हातात पडल्यावर. दाखल्यावर जनावराचा रंग, शिंगे, वय आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावे असतात. अनेक घरांत बैल विकताना दावे देत नाहीत, ते सोडून घेतात आणि घेणारा आपले दावे आणतो. लक्ष्मी दाव्याबरोबर जाऊ नये ही भावना त्यामागे आहे. तिचा व्यवहारातला उपयोगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुन्या दाव्यानिशी कोणी बैल घेऊन निघाला तर तो विकत घेतलेला नसावा, अशी शंका बघणाऱ्याला येते. जनावरासाठी अशी व्यवस्था झाली, गाडीसाठी ती कधी झाली नाही. बैलाला दाखला आहे, गाडीला नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

गाडीची ओळख सुतार आणि लोहार यांच्या हातात होती. गावचा सुतार आपले चाक ओळखे. आऱ्याचा ताशीव भाग, तुंब्याची गोलाई, दांडीवरचे कोरीव फूल यांत त्याचा हात दिसे. लोहाराने जोडलेल्या धावेचा सांधाही ओळखता येई. चोरलेले लोखंड वितळवायचे म्हटले तरी ते कोणत्यातरी भट्टीवर न्यावे लागे आणि भट्टी तर साऱ्या गावासमोर. गाढवांवर किंवा गाडीत बिऱ्हाड टाकून फिरणारे घिसाडी गावाबाहेर पाल ठोकत, पाती-खुरपी घडवत, गाड्यांचे लोखंड दुरुस्त करत. त्यांच्यावरही गावाने बिनपुराव्याचा संशय पुष्कळ घेतला. प्रत्यक्षात ज्याला दरवर्षी त्याच गावात पाल ठोकायचे आहे, त्याला चोरीचा माल घेणे परवडत नाही.

हैदराबाद संस्थानात दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत आखणी केल्यावर, जिल्हा पोलीस उभे केले, तरी गावाच्या आत पाटील आणि सेतसिंधी यांचाच अंमल राहिला. रझाकारांच्या काळात, १९४७-४८ मध्ये, सरहद्दीकडच्या गावांतून अनेक कुटुंबे गाड्यांत संसार भरून बार्शी-सोलापूरकडे गेली. त्या दिवसांत गाडी आणि बैलजोडी शाबूत असणे म्हणजे जीव वाचण्याची सोय असणे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतरच्या दशकात वंशपरंपरेची पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. येसकरीचे काम जन्माने लादणे थांबले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र रात्री वेशीवर कोणी जागे राहायचे, या प्रश्नाला नवीन उत्तर मिळाले नाही. वेशी पडल्या आणि गावे रस्त्याच्या कडेने पसरली.

१९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून बैल मातीमोल विकले गेले. गाड्या अंगणात तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांची लाकडे चुलीत गेली. त्यानंतर बैलगाडी परतली ती वेगळ्या रूपात. धाव जाऊन रबरी टायर आले, जुना आख जाऊन बेअरिंगचा आख आला. टायरगाडीला दुप्पट माल झेपतो आणि ती हलकी चालते. तितकीच हलकी ती चोरीलाही झाली. लाकडी गाडी ढकलताना चाके कुरकुरत, टायरगाडी दोन माणसे आवाज न करता रस्त्यापर्यंत नेऊ शकतात. डांबरी रस्त्यावर चाकोरी उमटत नाही. माग काढण्याची कला ज्या दिवशी डांबर पडले त्या दिवशी निरुपयोगी झाली.

ही टायरगाडी उसाबरोबर वाढली. मांजरा धरण, विष्णुपुरीचा उपसा प्रकल्प, तेरणा आणि पैनगंगेवरची कामे यांनी दोन्ही जिल्ह्यांत ऊस आणला. लातूरजवळचा मांजरा, किल्लारीचा शेतकरी, अर्धापूरकडचा भाऊराव चव्हाण, असे सहकारी कारखाने उभे राहिले. दुसरीकडे मुखेड, कंधार, लोहा, जळकोटच्या कोरडवाहू पट्ट्यातून हजारो कुटुंबे दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडू लागली. एका जोडप्याला कोयता म्हणतात, मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला उचल. बैलगाडी घेऊन येणाऱ्यांची गाडी सेंटर आणि डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्यांची डोकी सेंटर. उन्हाळा लागेपर्यंत या लोकांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी आणि त्यांची गाडी. गाडीत पीठ, भांडी, अंथरुणे, कोंबड्या, लहान मूल. परदेशात चाकांवरचे घर घेऊन फिरणारे हौशी प्रवासी असतात. मराठवाड्यात चाकांवरचे बिऱ्हाड हौसेने कोणी करत नाही.

अनेक कारखान्यांत टायरगाडी कारखान्याची असते आणि तिची जबाबदारी गाडीवानाची. म्हणून गाडीचे नुकसान म्हणजे उचलीत आणखी भर. कोप्यांच्या रांगेत संध्याकाळी गाड्या दांडी आत करून लावतात. जू सोडून कोपीच्या दाराशी आडवे टाकतात, आत शिरणाऱ्याला ते ओलांडावे लागते. वाढे खाणारे बैल गाडीच्या चाकांना बांधलेले असतात. बाजारपेठेतला जुना गाडीवान आणि आजचा तोडकरी यांची रात्र जवळपास सारखीच आहे. फरक इतकाच की तोडकऱ्याला पहाटे तीनला उठून फडात जायचे असते आणि मागे कोपीत म्हातारी किंवा शाळा सुटलेले पोर राखणीला राहते.

ट्रॅक्टर आल्यावर सांधा पुन्हा बदलला. ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात ट्रॉलीच्या दांड्याचे कडे बसते आणि दोन्हींमधून वरून पिन घातली जाते. अंगठ्याहून जाड, वीतभर लांब पोलादी दांडा. खालच्या भोकात तारेची क्लिप, पिन उडू नये म्हणून. पिन उपसायला दहा सेकंद लागतात आणि घालायलाही तेवढीच. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, कडे बहुधा बसतेच. सोयीसाठी केलेल्या या सारखेपणामुळेच ट्रॉली चोराच्या हाती आयती येते. कोणाचाही ट्रॅक्टर कोणाचीही ट्रॉली नेऊ शकतो. बंद पडलेले वाहन साखळीने ओढून नेण्याला इकडे टोचन करणे म्हणतात आणि रात्री रस्त्यावर टोचन करून काहीतरी नेले जात असेल तर कोणी थांबवून विचारत नाही. मदत चालली आहे असेच वाटते.

ट्रॉल्या बहुतेक गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये बनतात. लोखंडी पत्रा, चॅनल, जुना आख आणि जुने टायर, की ट्रॉली तयार. कुठलीही कागदपत्रे नसलेल्या अशा ट्रॉल्या शेतात वापरल्या जातात, कारण शेताबाहेर फारसे जायचे नसते असा समज. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॉलीचीही नोंदणी लागते. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर पोलीस ठाण्यात सांगायला रंग आणि लांबी-रुंदी एवढेच उरते. दोन दिवसांत रंग बदलता येतो. फाळकी काढून दुसरी लावली की ओळखीचा प्रश्नच मिटतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहणारे वाहन चोरण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीची शिक्षा कलम ३०३ मध्ये तीन वर्षांपर्यंतच. कायदा कडक आहे, पण तो लागू करायला आधी ती ट्रॉली कोणाची हे सिद्ध व्हावे लागते.

शेतकऱ्यांनी यावर काढलेले उपाय जुन्या गाडीवानांना ओळखीचे वाटावेत असेच आहेत. पिन घरात. ती खुंटीवर, कधी देव्हाऱ्याशेजारी ठेवतात, घरातल्या सगळ्यांना तिची जागा ठाऊक असते. पण बाजारात पिन मिळते, म्हणून एवढ्यावर भागत नाही. ट्रॉली उभी करताना दांडा भिंतीकडे करतात, म्हणजे समोर ट्रॅक्टर लावायला जागाच राहत नाही. कड्यातून साखळी ओवून ती लिंबाच्या झाडाला किंवा विजेच्या खांबाला कुलूपबंद करतात. काहीजण एक चाक काढून आखाखाली दगड लावतात, काहीजण ट्रॉलीत वाळू किंवा शेणखत भरून ठेवतात. सर्वांत टिकाऊ उपाय वेल्डिंगचा. मालकाचे आणि गावाचे नाव लोखंडी पट्टीच्या अक्षरांत फाळक्यावर आणि आतल्या चॅनलवर वेल्ड करतात. रंगाची अक्षरे मिटतात, वेल्ड केलेली अक्षरे कापावी लागतात आणि कापल्याची खूण राहते. सुताराचा हात जसा चाकावर दिसे, तसे हे आता लोखंडावर दिसते.

टँकरच्या ट्रॉलीला २०१६ सालच्या दुष्काळात सोन्याचे मोल आले. त्या वर्षी मार्चमध्ये लातूरला पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. शहरात आणि खेड्यांत पाणी वाटणारे ट्रॅक्टरचे टँकर रात्रंदिवस फिरत होते. रिकामा टँकर रात्री उभा असला तरी त्याच्याशेजारी कोणीतरी झोपलेले असे. पाण्याची रांग राखायची आणि टँकरही राखायचा, असा तो दुहेरी पहारा होता.

गावाने मिळून जागण्याची जुनी कल्पना गेल्या काही वर्षांत यंत्राच्या मदतीने परतली आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका टोल-फ्री क्रमांकावर कोणी बोलले की तोच आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. ट्रॉली चालली आहे हे ऐकून वेशीवर धावणारे चार लोक मिळाले तर माग काढायची वेळच येत नाही. आपत्कालीन मदतीसाठी ११२ क्रमांक आहेच. चौकाचौकांत कॅमेरे बसले आहेत. या सोयी खऱ्या उपयोगी आहेत, कारण त्यांत राखण एका जातीच्या माथी मारलेली नाही. ज्याची ट्रॉली, ज्याचे गाव, त्या सगळ्यांची ती आहे.

आता गरज आहे ती दाखल्याची. बैलाला बाजार समिती जशी पावती देते, तशी ट्रॉली बनवणाऱ्या वर्कशॉपने क्रमांक ठोकून द्यावा आणि मालकाने तिची नोंदणी करून घ्यावी. दांड्याच्या आतल्या बाजूला, जिथे रंगाचा हात पोचत नाही, तिथे ट्रॅक्टरच्या नोंदणीचा क्रमांक पंच करून घ्यायला वर्कशॉपमध्ये फार वेळ लागत नाही. येत्या खंडेनवमीला अवजारे मांडाल तेव्हा ट्रॉलीचा फोटो, तो क्रमांक आणि वेल्ड केलेले नाव एकदा टिपून ठेवा, आणि पिन घरात आहे की हुकातच राहिली आहे, ते पाहून घ्या.